आधी वाऱ्याचा काटा, मग पवनचक्कीचा करार



फडातला ऊस कितीही डौलदार दिसला तरी ब्रिक्स पाहून त्याची पक्वता ठरते, आणि गाडी काट्यावर गेल्याशिवाय टनेज कळत नाही. वाऱ्याचंही तसंच आहे. "आमच्या माळावर वारं लई" एवढ्या बोलण्यावर कोट्यवधींची पवनचक्की उभी करायची नसते. आपलं भागभांडवल असो की डोंगरमाथ्यावरची जमीन, ती गुंतवण्याआधी वारा मोजला पाहिजे.

एका मीटरचा फरक

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला ५ मीटर वेग असेल तर हिशेब ५ × ५ × ५ = १२५; ६ मीटर असेल तर २१६. वेग वाढला एकच मीटर, पण शक्ती जवळजवळ पाऊणपट वाढली! याची दुसरी बाजूही ध्यानात घ्या. अहवालात वेग १० टक्के जादा धरला, तर शक्ती ३३ टक्के जादा दिसते. कर्जाचे हप्ते काही कागदावरच्या वाऱ्याने फिटत नाहीत.

मोजणी कशी होते?

जागेवर उंच मनोरा उभारतात. त्यावर निरनिराळ्या उंचीवर वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या व दिशा दाखवणारे पाते बसवतात. दर दहा मिनिटांची सरासरी यंत्रात नोंदली जाते. हे काम किमान एक वर्ष चालावे, कारण आषाढातला वारा वेगळा आणि मार्गशीर्षातला वेगळा. आजच्या पवनचक्क्यांचा मध्य शंभर मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच असतो. घराच्या छपरावरचा अंदाज तिथे उपयोगी नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाचे वाऱ्याचे नकाशे केले आहेत. त्यावरून गाव निवडावे, पण जागा मनोऱ्यानेच पारखावी. पाटण तालुक्यातले वनकुसवडे पठार हजार मीटरहून उंच, म्हणून तिथे पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. खालच्या खोऱ्यात तोच वारा मिळेलच असे नाही.

तिघांची पाळी

आता जोडणीचे पाहू. गाळप हंगामात हिवाळाभर बगॅसवर सहवीजनिर्मिती चालते. उन्हाळ्यात सूर्य तळपतो. जून ते सप्टेंबर सूर्य ढगाआड जातो, तेव्हा नैर्ऋत्येचा वारा घाटमाथ्यावर जोर धरतो. एक थकला की दुसरा जू खांद्यावर घेतो. शिवाय एकाच उपकेंद्रातून व वाहिनीतून दोघांची वीज गेली तर खर्च वाचतो. केंद्र सरकारने २०१८ साली पवन-सौर संकरित धोरण आणले, त्यामागेही हाच विचार आहे.

पण एक मेख आहे. उसाला पाणी जास्त लागते चैत्र-वैशाखात, आणि वाऱ्याची वीज भरभरून येते पावसाळ्यात, म्हणजे मोटारी बंद आणि कारखानाही बंद असताना. बॅटरी दुपारची वीज रात्रीला पुरवील. श्रावणातली वैशाखाला पुरवणार नाही. तेव्हा उपसा सिंचनाच्या दिवसाच्या विजेसाठी सौर संच आधी धरावा. पवनचक्कीचा विचार करायचा तर पावसाळ्यातली वीज कोण घेणार आणि कोणत्या दराने, हे आधी लेखी ठरवावे. बगॅस मात्र कोरडे राखले तर थप्पी लावून ठेवता येते. ते आपले खरे साठवणीचे इंधन.

सभेत हे विचारा

असा प्रस्ताव वार्षिक सभेपुढे आला तर चार प्रश्न जरूर विचारा. वारा किती महिने मोजला? किती उंचीवर? महिनावार वीज किती मिळेल आणि आपली महिनावार गरज किती? कमी वाऱ्याच्या वर्षी हप्ता कशातून भरणार? जमीन भाड्याने देणाऱ्यांनी रस्ता, वहिवाट आणि मुदत संपल्यावर यंत्र काढून नेण्याची जबाबदारीही करारात लिहून घ्यावी.

काट्यावर आपण डोळ्यात तेल घालून उभे राहतो. वाऱ्याच्या काट्यावरही तसेच उभे राहू या.