एकच जाहिरात पुन्हा पुन्हा टाकणे : नियम काय, कायदा काय?



जुनी सायकल विकायची असो, घरी शिकवणी सुरू करायची असो की खोली भाड्याने द्यायची असो, आता आपण सगळ्यात आधी मोबाईलवर जाहिरात टाकतो. दोन दिवस फोन आला नाही की तीच जाहिरात परत टाकतो, मग शीर्षक थोडं बदलून तिसऱ्यांदा. हे चालतं का? हा गुन्हा आहे का? दहावी-बारावीनंतरच्या सुट्टीत मुलं "जाहिराती पोस्ट करण्याचं काम" शोधतात, म्हणून याचं उत्तर आपल्याला माहीत हवं.

१) आधी साइटचा नियम

खातं उघडताना आपण न वाचताच "मान्य आहे" दाबतो. तिथेच आपण साइटच्या अटी स्वीकारलेल्या असतात. अमेरिकेतल्या क्रेगलिस्टचं उदाहरण घेऊ. १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली ही साइट सांगते की एका शहरात, एकाच विभागात आणि ४८ तासांत एकदाच जाहिरात टाका. नियम मोडला तर इतर वापरणारे तक्रारीची खूण करतात आणि जाहिरात निघून जाते.

असा नियम का? वर्गात करून दाखवा. सूचनाफलकावर एका मुलाला एकच कागद वीस वेळा लावायला सांगा. बाकीच्यांच्या सूचना झाकल्या जातात. साइटवरही नवी जाहिरात वर येते आणि जुन्या खाली ढकलल्या जातात. म्हणजे जागा फुकट असली तरी किंमत दुसरा कोणीतरी मोजत असतो.

२) प्रकरण कोर्टात कधी जातं?

क्रेगलिस्टवर आपोआप ढीगभर जाहिराती टाकणारं सॉफ्टवेअर नेचरमार्केट नावाची कंपनी विकत होती. क्रेगलिस्टने दावा लावला. समोरची बाजू कोर्टात आलीच नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या केंद्रीय न्यायालयाने एकतर्फी निकाल दिला आणि भरपाई दहा लाख डॉलरपेक्षा जास्त ठरली. पण लक्षात घ्या, हा दिवाणी दावा होता. मुद्दा नुसत्या संख्येचा नव्हता. साइटच्या अटी मोडणं आणि तिची सुरक्षा-तपासणी चुकवणं, असे आरोप होते.

३) आपल्याकडचा कायदा

ओएलएक्ससारख्या साइटवर त्याच वस्तूची दुसरी जाहिरात नाकारली जाऊ शकते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे, अटी मोडणाऱ्याचं खातं साइट बंद करू शकते. पण "जास्त जाहिराती टाकणे" अशा नावाचा वेगळा गुन्हा आपल्या कायद्यात नाही. त्रासदायक ई-मेलचा उल्लेख असलेलं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं.

मग सगळं माफ? अजिबात नाही. संख्या नव्हे, पद्धत आणि मजकूर बघा :

- दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख कपटाने वापरली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६क.
- दुसरंच कोणी असल्याचं भासवून ऑनलाइन फसवलं, तर कलम ६६ड.
- या दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.
- वस्तू किंवा सेवेबद्दल दिशाभूल करणारी जाहिरात असेल, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो.

४) मुलांना मिळणारं "काम"

"घरबसल्या रोज जाहिराती पोस्ट करा आणि कमवा" असे मेसेज मुलांना येतात. यात बरेचदा आधी नोंदणीचे पैसे घेतात आणि नंतर "टार्गेट पूर्ण झालं नाही" म्हणून मोबदला नाकारतात. याहून मोठा धोका वेगळाच आहे. ओटीपी मुलाच्या नंबरवर येतो, खातं त्याच्या नावाने असतं. जाहिरात खोटी निघाली तर चौकशी आधी त्याच नंबरपर्यंत पोहोचते, जाहिरात लिहिणारा मात्र नामानिराळा राहतो.

म्हणून हो म्हणण्याआधी मुलांबरोबर बसून हे चार प्रश्न विचारा :

- जाहिरात नक्की कोणाची आहे?
- नंबर आणि खातं कोणाचं वापरायचं आहे?
- एकाच कामासाठी अनेक खाती उघडायला सांगतात का?
- काम देण्याआधीच पैसे मागतात का?

शेवटच्या दोनपैकी एकाचंही उत्तर "हो" आलं, किंवा पहिल्या दोघांचं नीट उत्तर मिळालं नाही, तर ते काम सोडून द्या. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकं पैसे अडवणं अवघड.

आणि आपली स्वतःची जाहिरात चालत नसेल तर? नवी टाकू नका, तीच सुधारा. स्वच्छ फोटो लावा, खरी किंमत लिहा, वस्तू विकली गेली की जाहिरात काढून टाका. मुलं आपल्याकडे बघूनच शिकतात.