मोज्यांतले दगड

मुलांनो, गोंदिया जिल्ह्यातले एखादे गाव डोळ्यांसमोर आणा. ग्रामपंचायतीची निवडणूक उद्यावर आली आहे. रात्री चौकात कोणीतरी सांगतो, "टोल्यावरची पोरे आज काठ्या घेऊन येणार." (टोला म्हणजे गावाबाहेरची लहान वस्ती.) बातमी खरी की खोटी, कोणी विचारत नाही. चौकातली पोरे काठ्या जमवतात. टोल्यावरून ती तयारी दिसते. तिथेही काठ्या निघतात. झाली की नाही बातमी खरी?

नागझिऱ्याच्या जंगलात वाघ दिसला तर छाती धडधडते, स्नायू ताठरतात, रक्तातली साखर वाढते. हे काम ॲड्रिनलिन या द्रावाचे. गंमत अशी की नुसती अफवा ऐकूनही तो पाझरतो. त्यातच, सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या सुमारास पूर्ण पक्व होतो. म्हणून तरुण पोरे लवकर पेटतात.

भय नेहमीच खोटे असते असे मात्र नाही. १९ एप्रिल २०२४ रोजी लोकसभेसाठी अर्जुनी-मोरगाव विधानसभा क्षेत्रात दुपारी ३ वाजताच मतदान संपवले गेले. कारण तो नक्षलप्रभावित भाग. प्रश्न आहे तो मनाने फुगवलेल्या धोक्याचा.

१९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ यांनी २२ शाळकरी मुलांचे शिबिर भरवले. त्यांचे दोन गट केले, 'रॅटलर्स' आणि 'ईगल्स', आणि सामने लावले. थोड्याच दिवसांत झेंडे जळाले, खोल्यांवर धाडी पडल्या. एका धाडीहून परतल्यावर ईगल्सनी मोज्यांत दगड भरून ठेवले. का? तर आता 'ते' येतील म्हणून! ही सारी साधी, चांगल्या घरची मुले होती. आदल्या वर्षीच्या शिबिरात मात्र मुलांना मोठ्यांचाच संशय आला आणि प्रयोग फसला. भांडण लावणारा हात दिसला की भांडण जमत नाही. निवडणुकीत तो हात कोणाचा असतो, हे तुम्हीच पाहा.

अमेरिकेतच २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विचारले : विरोधकांना हिंसा कितपत मान्य असेल? दोघांचेही अंदाज सत्याच्या कितीतरी पट निघाले. खरा आकडा सांगितल्यावर त्यांची स्वतःची हिंसेची तयारीही कमी झाली.

शेरीफ यांनी पुढे दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले! मग शिबिराचे पाणी बंद पाडले. तेव्हा मात्र सर्वांनी मिळून बिघाड शोधला. (गोंदियात असे सामायिक पाणी म्हणजे मालगुजारीच्या काळातले 'मामा तलाव'. पाळ फुटली की धान कोणत्या पक्षाचे, हे तलाव बघत नाही.) नंतर बंद पडलेला ट्रक मुलांनी दोराने ओढला. दोर तोच, रस्सीखेचीचा.

घरी जाताना बस वाटेत थांबली. रॅटलर्सजवळ सामन्यात जिंकलेले ५ डॉलर उरले होते. त्यांनी त्यातून सर्वांसाठी, ईगल्ससाठीसुद्धा, माल्टचे दूध घेतले.