फळाचे पिकणे आणि नासणे

झाडावरून उतरलेले फळ म्हणजे निर्जीव वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती खरी नाही. कोकणातून घाट चढून आपल्या बेळगावच्या बाजारात येणारा आंबा वाटेत, दुकानात आणि घरच्या आढीतही श्वासोच्छ्वास करीत असतो. तो प्राणवायू घेतो, कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि थोडी उष्णताही निर्माण करतो. भरल्या आढीत हात घातला असता जी ऊब लागते, ती नुसती पेंढ्याची नव्हे. फळ जिवंत आहे एवढे ध्यानी धरले, म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी किंवा मुलांच्या हाती आपण काय ठेवतो, ह्याचाही उलगडा होतो.

फळ पिकू लागले की त्याच्या पोटात अनेक कामे एकदम चालू होतात. ती करणाऱ्या द्रव्यांना विकरे, म्हणजेच एन्झाइम, म्हणतात. एक विकर पिष्टाची साखर करते. कच्च्या केळ्याच्या गरात सुमारे २० टक्के पिष्ट असते. पूर्ण पिकल्यावर ते एक-दोन टक्केच उरते. शाळेत हे आम्ही मुलांना एका थेंबाने दाखवितो. कच्च्या केळ्याच्या चकतीवर आयोडीनचा थेंब टाकला तर ती काळीनिळी पडते. पिकल्या केळ्याची चकती फारशी रंग बदलत नाही. दुसरीकडे कैरीतले आम्ल कमी होत जाते. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे पेक्टिन सुटते आणि फळ मऊ पडते. सालीतले हरितद्रव्य नाहीसे होऊन पिवळा रंग वर येतो, आणि सुवास दरवळू लागतो.

ह्या कामांना प्रारंभ करा, अशी वर्दी देणारा एक वायू आहे. त्याचे नाव इथिलीन. युरोपातील शहरांत रस्त्यावरच्या दिव्यांसाठी नळांतून जळाऊ वायू नेत असत. नळ गळला की जवळच्या झाडांची पाने अकाली झडत. त्या वायूतील इथिलीनचा वनस्पतींवर परिणाम होतो, हे रशियातील नेल्युबोव ह्या संशोधकाने १९०१ साली दाखविले. आणि पिकणारे सफरचंद स्वतःच तो वायू सोडते, हे १९३४ साली इंग्लंडात गेन ह्यांनी सिद्ध केले. आपल्या आजीने मात्र शास्त्र न शिकताच आढी घातली होती. पेंढ्यात वायूही कोंडतो आणि ऊबही टिकते.

'एक नासका आंबा सगळी आढी नासवतो' ही म्हणही ह्याच अनुभवातून आली. दुखावलेले फळ इथिलीन जास्त सोडते, त्यामुळे शेजारची फळे घाईने पिकतात. शिवाय त्याच्यावरील बुरशी त्यांच्यावर पसरते.

सगळीच फळे मात्र तोडल्यावर पिकत नाहीत. आंबा, केळे, पपई, चिकू, सीताफळ ही पिकतात. द्राक्षे, डाळिंब, संत्री, स्ट्रॉबेरी ही तोडली तेवढीच गोड राहतात. आंबट द्राक्षे चार दिवस ठेवून गोड होतील, ही आशा व्यर्थ होय.

आता घाईविषयी. कॅल्शियम कार्बाइडला दमट हवा लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो. हा इथिलीनचे सोंग आणतो. कोवळ्या आंब्याजवळ कार्बाइडची पुडी ठेवली की साल पिवळी होते, पण आत पुरेसे पिष्टच साठलेले नसते. मग गोडी यावी कोठून? बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस ह्यांचे विषारी अंशही असतात. म्हणूनच आपल्या देशात कार्बाइडने फळे पिकविण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू मात्र, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत, वापरण्यास परवानगी आहे. कारण तो फळाचा स्वतःचाच वायू आहे. तरीही तोडताना फळ भरलेले असले पाहिजे. वायू फक्त वर्दी देतो. शिदोरी झाडानेच द्यावी लागते.

पिकणे संपले तरी विकरे थांबत नाहीत. फळ लिबलिबीत होते, आणि यीस्ट साखरेचे मद्य करू लागते. आंबूस वास येतो तो ह्यामुळे. पुढे जिवाणू त्या मद्याचे ॲसेटिक आम्ल करतात. सिरका तयार होतो तो ह्याच क्रमाने, पण देखरेखीखाली. सफरचंद कापल्यावर तांबूस पडते ते मात्र नासणे नव्हे. तेथे विकर व प्राणवायू ह्यांची गाठ पडलेली असते. लिंबाचा रस चोळला की ती क्रिया मंदावते.

घरी एवढे पाळावे. आढी रोज चाळावी आणि डागी फळ वेगळे काढावे. कच्ची केळी लवकर पिकवायची तर पिकल्या फळाशेजारी कागदात गुंडाळावीत. टिकवायची तर दूर ठेवावीत. कच्चा आंबा किंवा केळी शीतकपाटात ठेवू नयेत. थंडीने विकरांचे काम बिघडते आणि साल काळवंडते. जास्त पिकलेले, पण वास चांगला असलेले केळे शिऱ्यात खुशाल घालावे. मऊ फळावर बुरशी दिसली तर तेवढाच भाग कापून उरलेले आजाऱ्याला वा मुलाला देऊ नये. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. आणि आंबा घेताना रंगावर भुलू नये. देठाजवळ नाक न्यावे. रंग पुडीने आणता येतो, तो सुवास आणता येत नाही.