कारणापासून तोडीपर्यंत

१९८०नंतर पुण्याजवळच्या भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या कारखान्यांत क्वालिटी सर्कल रुजत गेलं. चार-पाच कामगार फळ्यापुढे बसायचे, माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढायचे आणि रिजेक्शन का वाढलं याचा माग घ्यायचे. पद्धत जपानची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मला मात्र त्यामागे १६२० साली 'नोव्हम ऑर्गनम' छापणारा फ्रान्सिस बेकन दिसतो. उष्णतेचं मूळ शोधताना त्याने तक्ते मांडले: ती कुठे आहे, कुठे असावीशी वाटते पण नाही, कुठे कमी-जास्त होते. ऊन पहिल्या तक्त्यात. चांदणंही उजेडच, पण त्यात ऊब नाही, म्हणून ते दुसऱ्यात. कास्टिंगला छिद्रं पडली की जाणता सुपरवायझर हेच विचारतो. दोन नंबरच्या डायवर पडतात, मग तीनवर का नाही? रात्रपाळीत पडतात, दिवसा का नाही? खरं कारण बहुतेकदा या 'नाही'च्या रकान्यात सापडतं, आणि घाईत नेमका तोच कोरा राहतो.

पण बिघाडाचं कारण शोधणं वेगळं, नवं काही घडवणं वेगळं. तत्त्वज्ञ लायब्निझला शोध लावण्याचीच रीत हवी होती. १६६६ साली, ऐन विशीत, त्याने कल्पनांच्या जोडण्यांवर ग्रंथ लिहिला. सोव्हिएत अभियंता आल्टशुलर १९४६पासून पेटंटांचा अभ्यास करू लागला आणि त्याला दिसलं की अस्सल शोध दोन परस्परविरोधी मागण्यांची गाठ सोडवतो, दोन्हींत थोडंथोडं कमी करून भागवत नाही.

आपल्या पट्ट्यात अशा गाठी ठळकपणे सुटल्या त्या २०००नंतर. चाकणच्या बजाज कारखान्यातली पल्सर २००१ची. २००३मध्ये तिला डीटीएस-आय इंजिन आलं. गाठ अशी: जोर हवा आणि अ‍ॅव्हरेजही हवं. एका स्पार्क प्लगपासून निघालेल्या ज्योतीला पलीकडची कड गाठायला वेळ लागतो; दोन प्लग लावले की मिश्रण झटपट आणि नीट जळतं. मोटारींत ही कल्पना जुनी होती. रोजच्या वापरातल्या बाइकवर ती बसवणं, हे मोठं काम.

माझ्या मते त्याहून सरस टाटांची छोटी मालवाहू गाडी 'एस', २००५ची. पुण्याच्या चमूपुढे गाठ होती: चाकं चार, पण किंमत तीनचाकीवाल्याच्या आवाक्यातली. त्यांनी इंडिकाचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन निम्मं केलं. उरले दोन सिलिंडर, सुमारे ७०० सीसी. क्वालिटी सर्कलच्या फळ्यावर हा प्रश्न कधी आलाच नसता, कारण तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं.