हृदयविकार समजून घेताना : भाग ७
बीपी ‘ठीक’, पण हातपाय गार

मागच्या आठवड्यात आपण हार्ट अटॅकमध्ये बंद पडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने कशी उघडतात ते पाहिलं. ती वेळेत उघडली नाही आणि हृदयाच्या स्नायूचा मोठा भाग निकामी झाला, तर हृदय शरीराला पुरेसं रक्त पोहोचवू शकत नाही. यालाच कार्डिओजेनिक शॉक म्हणतात. अटॅक आलेल्या शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांवर ही वेळ येते. आजच्या उत्तमातल्या उत्तम रुग्णालयांतही त्यांतले निम्म्याच्या आसपास रुग्ण दगावतात.

इतके का? कारण हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं आणि ते त्याच्याच पंपातून येतं. पंप दुबळा झाला की हृदयाचं स्वतःचं रक्त घटतं, त्यामुळे तो आणखी दुबळा होतो. हे चक्र काही तासांत माणसाला संपवू शकतं. त्यातच मूत्रपिंड आणि यकृतही साथ सोडतात.

फसवणूक होते ती सुरुवातीला. पंप थकला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, पण बादली काही लवकर भरत नाही, तसंच हे. बीपी १०० दिसतं, नातेवाईक निर्धास्त होतात, कधीकधी डॉक्टरही. वरचं बीपी अर्धा तास ९० च्या खाली राहणं ही शॉकची नेहमीची व्याख्या, पण तिथवर थांबलो तर उशीर झालेला असतो.

म्हणून आकड्याआधी माणसाला हात लावून पाहावा. तळवे गार आणि घामाने चिकट आहेत का? बोटाचं नख पाच सेकंद दाबून सोडा. निरोगी माणसात गुलाबी रंग दोनेक सेकंदांत परततो; इथे तो रेंगाळतो. गुडघ्यांवर निळसर जाळी उमटते. रुग्ण तळमळतो, असंबद्ध बोलतो किंवा एकदम गप्प होतो. रुग्णालयात लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेलेली आणि रक्तातलं लॅक्टेट दोनच्या वर चढलेलं दिसतं. ही लक्षणं जमली असतील, तर बीपी ‘ठीक’ आहे या बोलण्याला अर्थ नाही.

आपल्या घरांत छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची सवय आहे. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. घामाने थबथबलेल्या, गार पडलेल्या माणसाला ती दिली तर उरलंसुरलं बीपीही कोसळतं. सलाइनचंही तसंच. डावा कप्पा दुबळा असेल तर बाटली धडाधड सोडल्यावर पाणी फुप्फुसांत साचतं आणि धाप वाढते. उजव्या कप्प्याच्या अटॅकमध्ये मात्र सलाइन कामी येऊ शकतं. तो निर्णय ईसीजी आणि इको पाहूनच घ्यायचा.

मग करायचं काय? ‘आधी रुग्ण स्थिर होऊ दे, मग कॅथ लॅबला (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) नेऊ’ हे वाक्य आजही ऐकू येतं. जुडिथ हॉकमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, ३०२ रुग्णांवरच्या शॉक ट्रायलने १९९९ मध्येच त्याला उत्तर दिलं. एका गटावर लवकर अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली, दुसऱ्याला आधी औषधांनी सावरायचा प्रयत्न केला. महिनाभराने मृत्यूंतला फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. सहा महिन्यांनी मात्र पहिल्या गटात सुमारे ५० टक्के आणि दुसऱ्यात ६३ टक्के रुग्ण दगावले होते. धमनी बंद असताना रुग्ण स्थिर होण्याची वाट पाहणं म्हणजे त्याचे तास वाया घालवणं, असं माझं स्पष्ट मत आहे. नॉरअॅड्रेनलिनसारखी औषधं द्यायचीच. पण ती धमनी उघडेपर्यंत धीर धरायला.

यंत्रांचा अनुभव संमिश्र आहे. वर्षानुवर्षं सर्रास वापरला जाणारा महाधमनीतला बलून २०१२ च्या मोठ्या जर्मन चाचणीत मृत्यू कमी करू शकला नाही. डाव्या कप्प्यात बसवायच्या छोट्या पंपाने २०२४ च्या डेंजर शॉक चाचणीत सहा महिन्यांतले मृत्यू ५८ वरून ४६ टक्क्यांवर आणले. मात्र रक्तस्राव आणि पायाचा रक्तपुरवठा तुटण्याचे प्रकार वाढले. शिवाय बेशुद्ध रुग्ण त्या चाचणीत घेतले नव्हते. हा पंप महागडा आहे आणि सगळ्यांसाठी नाही.

आपल्या हातात आहे ती वेळ. छातीत दुखून माणूस गार पडला, तर त्याला चालवू नका आणि दुचाकीवर तर मुळीच बसवू नका; १०८ ला फोन करा आणि ‘हातपाय गार पडलेत, घाम सुटलाय’ हे शब्द नक्की सांगा. आणि आज, घरात सगळे धडधाकट असताना, एक काम करा : रात्री दोन वाजताही कॅथ लॅब सुरू असलेलं आपल्या जवळचं रुग्णालय कोणतं ते विचारून घ्या आणि त्याचा नंबर फोनमध्ये साठवून ठेवा.