सॅमनचं पोषण ठरतं खाद्याच्या पोत्यात

स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत पिंजऱ्यात वाढवलेला सॅमन २००६ मध्ये जसा केशरी, तुकतुकीत दिसायचा तसाच २०१५ मध्येही दिसत होता. त्याच्या मांसातलं ओमेगा-३ मात्र निम्म्यावर आलं होतं. स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी तीन हजारांहून अधिक माशांच्या तपासणीतून २०१६ मध्ये हे दाखवून दिलं. ईपीए आणि डीएचए ही हृदयाला आणि मेंदूला उपयोगी पडणारी दोन मेदाम्लं १०० ग्रॅम मांसात मिळून सुमारे २.७ ग्रॅम असायची, ती १.४ ग्रॅमच्या आसपास उतरली. आठवड्याची जी गरज १३० ग्रॅमच्या एका तुकडीत भागायची, तिला आता दोन तुकड्या लागू लागल्या.

मुळात ही मेदाम्लं सॅमन स्वतः फारशी बनवत नाही. ती तयार करतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ. शेवाळ खातात प्लवक, प्लवकांना खातात अँकोव्हीसारखे छोटे मासे, आणि त्यांच्या तेलातून ती सॅमनपर्यंत पोचतात. नॉर्वेत १९९० मध्ये सॅमनच्या खाद्याचा सुमारे ९० टक्के भाग मासळीची कुटी आणि माशांचं तेल असा समुद्रातूनच यायचा. २०१३ पर्यंत तो ३० टक्क्यांवर आला. उरलेली जागा सोया आणि मोहरीच्या कुळातल्या रेपसीडच्या तेलाने घेतली. रेपसीडमध्येही ओमेगा-३ असतं, पण ते आपल्या जवसात असतं त्या प्रकारचं, म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. त्याचं ईपीए-डीएचएमध्ये रूपांतर करण्याची सॅमनची ताकद तोकडी. त्यामुळे जे तेल पोटात जातं, त्याचाच ठसा मांसावर उमटतो.

यात कुणी भेसळ केली, असं मला वाटत नाही. जगभर मत्स्यशेती वाढत गेली आणि समुद्रातली छोटी मासळी काही वाढली नाही. पेरूने २०२३ मध्ये अँकोव्हीचा पहिला हंगामच रद्द केला, तेव्हा माशांच्या तेलाचे भाव कडाडले. वनस्पती तेलाचा एक फायदाही झाला: माशांच्या तेलातून येणाऱ्या डायॉक्सिन आणि पीसीबी या घातक प्रदूषकांचं प्रमाण शेतीच्या सॅमनमध्ये घटलं. शिवाय निम्म्यावर येऊनही हा मासा कोंबडीच्या मांसापेक्षा ओमेगा-३ मध्ये कितीतरी पुढे आहे.

आपल्या तळ्यांतल्या रोहू-कटल्याची गोष्ट थोडी वेगळी. गोड्या पाण्यातले हे मासे वनस्पतींमधल्या ओमेगा-३चं रूपांतर समुद्री माशांपेक्षा बरं करतात. पण ते कमी चरबीचे, त्यामुळे एकूण प्रमाण बेताचंच. त्या हिशेबात आपला स्वस्त बांगडा आणि तारली उजवी ठरतात. महागड्या आयात सॅमनपुढे त्यांना कमी लेखणं मला पटत नाही.

घट भरून काढण्याचे मार्ग आहेत. विक्रीआधीच्या काही महिन्यांत माशांचं तेल असलेलं खाद्य दिलं, तर मांसातलं डीएचए बऱ्यापैकी परत येतं. टाक्यांत वाढवलेल्या शेवाळाचं तेलही आता खाद्यात वापरलं जातं. ऑस्ट्रेलियाने तर २०१८ मध्ये सूक्ष्म शेवाळातली जनुकं घातलेल्या, बियांमध्येच डीएचए तयार करणाऱ्या कॅनोलाच्या, म्हणजे रेपसीडच्याच एका प्रकाराच्या लागवडीला परवानगी दिली. हे सगळं महाग पडतं. हा खर्च करणारा उत्पादक आणि न करणारा उत्पादक यांतला फरक गिऱ्हाइकाला कळायचा असेल, तर सॅमनच्या पाकिटावर देशाच्या नावाबरोबर १०० ग्रॅममागचं ईपीए-डीएचएचं प्रमाणही छापलं गेलं पाहिजे.