पट्टीवरची हमाली आणि साखळीवरचा गॅस

धाराशिवच्या बाजार समितीत सोयाबीन विकून परतणाऱ्या शेतकऱ्याच्या खिशात एक पट्टी असते. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई. ज्यांनी पोती उतरवली, काट्यावर चढवली, त्यांचे पैसे सौद्यातूनच वळते होतात. हमाल ना शेतकऱ्याचा नोकर, ना व्यापाऱ्याचा. पण त्याच्यावाचून माल जागचा हलत नाही.

ब्लॉकचेनमध्येही असे हमाल-तोलार असतात, हे कळलं तेव्हा मी ती पट्टी नव्याने वाचली.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाणारी खातेवही. एका प्रतीत कुणी खाडाखोड केली, तर बाकीच्या ती मानत नाहीत. आपल्या राज्य वखार महामंडळाने 2020 च्या सुमारास गोदामाच्या पावतीसाठी हे तंत्र वापरायला घेतलं: माल गोदामात, पावती साखळीवर आणि तिच्या तारणावर बँकेचं कर्ज.

इथेरियमसारख्या खुल्या साखळीला मात्र मालकच नाही. मग वही लिहिणाऱ्यांना पैसे कोण देतं? इथे प्रत्येक व्यवहार आपली हमाली सोबत घेऊनच येतो! तिला ‘गॅस’ म्हणतात. साधे पैसे पाठवायला 21,000 एकक गॅस लागतो. काम किचकट तितका गॅस जास्त. भाव गर्दीनुसार चढतो-उतरतो आणि मोजतात ग्वेईत, म्हणजे ‘इथर’ या तिथल्या नाण्याच्या अब्जाव्या भागात. दर 10 ग्वेई असेल, तर हमाली 0.00021 इथर. ऑगस्ट 2021 पासून यातली मूळ रक्कम कुणालाच मिळत नाही, ती नष्ट केली जाते. वही लिहिणाऱ्याच्या हाती पडते ती वरची बक्षिसी. आणि व्यवहार अर्ध्यात फसला, तरी तोवर खर्ची पडलेल्या गॅसचे पैसे परत नाहीत. पोती उतरवून झाल्यावर सौदा मोडला, म्हणून हमाल पैसे सोडतो का?

2023 पासून तिथे ‘पेमास्टर’ ही सोयही आली आहे. वापरणाऱ्याच्या खात्यात इथर नसला, तरी त्याची हमाली तिसराच कुणी भरतो.

खरी गंमत पुढे आहे. ही वही आंधळी असते. ‘पाऊस 21 दिवस पडला नाही, तर विम्याचे पैसे द्या’ असा करार तिच्यावर लिहिता येतो, पण खिडकी उघडून आभाळ पाहणं तिला जमत नाही. बाहेरची खबर आणणाऱ्या सेवेला ‘ओरॅकल’ म्हणतात. 2019 मध्ये सुरू झालेल्या चेनलिंकच्या जाळ्यात एकाच तोलाराच्या शब्दावर भिस्त ठेवत नाहीत. अनेकांकडून आकडे मागवतात, लहान-मोठे क्रमाने लावतात आणि मधला उचलतात. त्यांचा मोबदला ‘लिंक’ या नाण्यात मिळतो. आमच्याकडे पीकविम्याचे वाद महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकावरून पेटतात, त्यामुळे हा मधल्या आकड्याचा हिशेब मला फारच जवळचा वाटला.

गोदामाच्या पावतीचंही तसंच. सोयाबीनचा ओलावा 12 टक्के की 15, हे साखळीला दिसत नाही. पोत्यातून मूठभर दाणे काढून यंत्रात घालणारा माणूस ते सांगतो. त्याने 15 च्या जागी 12 लिहिलं, तर ते 12 सगळ्या संगणकांवर इमानेइतबारे जपलं जाईल.